नियमित इंग्रजी क्रियापदांचा तक्ता आणि सरावपुस्तक: एका द्राक्ष हंगामाचा अनुभव

गोडी छाटणीच्या (द्राक्षवेलींच्या ऑक्टोबरमधील फळछाटणीच्या) सुमारास नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरून घेतलेला हा संच, म्हणजे भिंतीवर लावायचा काळांचा तक्ता आणि त्याच्या जोडीचे सरावपुस्तक, आता माल संपत आला तरी आमच्या पॅकहाऊसच्या कार्यालयात रोज वापरला जातो. द्राक्षे युरोपला पाठवायची म्हणजे दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहावे लागतात आणि ते लिहिणारी आम्ही बहुतेक मंडळी मराठी माध्यमात शिकलेली आहोत.

या संचाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की तो बारा काळ पाठ करायला सांगून सुरुवात करीत नाही. पहिल्याच पानावर नियमित क्रियापदाची केवळ चार रूपे दिली आहेत: पॅक, पॅक्स, पॅक्ड, पॅकिंग. वर्तमान, भूत आणि भविष्य या तीन काळांचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण असे प्रत्येकी चार प्रकार धरले की तक्त्यातील बारा चौकोन होतात, पण त्या बाराही चौकोनांत मुख्य क्रियापद या चार रूपांबाहेर कोठेही जात नाही. बाकीचे काम बी, हॅव आणि विल ही साहाय्यक क्रियापदे करतात. मराठी माणसाला हे समजले की मोठा धीर येतो, कारण आपले क्रियापद लिंग, वचन आणि पुरुष पाहते आणि सकर्मक असेल तर भूतकाळात कर्माकडेही पाहते. आम्ही द्राक्षे धुतली, पण माल धुतला. इंग्रजीत दोन्हीकडे वॉश्ड हेच रूप चालते. मुख्य क्रियापदात कर्त्यानुसार होणारा बदल साध्या वर्तमानकाळात, ही, शी, इट यांच्यासाठी लागणाऱ्या एस प्रत्ययापुरता उरतो.

स्पेलिंगचे नियम सरावपुस्तकात चांगले मांडले आहेत, मात्र उदाहरणे शाळकरी आहेत. आम्ही त्यांच्या शेजारी आमच्या कामातील क्रियापदांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि पुस्तकाचा खरा उपयोग तेथून सुरू झाला. प्रून या शब्दाच्या शेवटी ई आहेच, म्हणून फक्त डी लागतो. ड्राय आणि अप्लाय यांतील वाय व्यंजनानंतर येतो, म्हणून तो जाऊन आयईडी होते. स्प्रे मध्ये वायच्या आधी स्वर असल्यामुळे वाय तसाच राहतो. शिप मधील पी दुप्पट होतो, लोड मधील डी होत नाही, कारण त्याच्या आधी दोन स्वराक्षरे आहेत. हार्वेस्टच्या शेवटी एस आणि टी अशी दोन व्यंजने असल्यामुळे टी एकच राहतो. लेबल हे क्रियापद मात्र ब्रिटिश पद्धतीने दोन एल घेते आणि अमेरिकन पद्धतीने एक. हा भेद पुस्तकात दिलेला नाही आणि निर्यातीच्या कागदपत्रांत तो वारंवार समोर येतो.

उच्चाराचे पान लहान आहे, पण मला ते मोलाचे वाटते. आपल्याकडे शेवटचा ईडी सरसकट एड असा वाचला जातो आणि मग पॅकेड, वॉशेड असे उच्चार फोनवर कानी पडतात. नियम सोपा आहे: मूळ क्रियापदाचा शेवटचा ध्वनी ट किंवा ड असेल तर इड, दुसरे कोणतेही कठोर व्यंजन असेल तर ट आणि बाकी सर्व ठिकाणी ड. म्हणून हार्वेस्टिड आणि लोडिड, पण पॅक्ट आणि वॉश्ट, तर प्रून्ड आणि कूल्ड. विपद् आणि काल यांचा संधी विपत्काल होताना द चा त होतो, हे आपण शाळेत शिकलेले असतो. कठोर व्यंजनाच्या शेजारी मृदू व्यंजनही कठोर व्हावे, ही प्रवृत्ती येथेही तशीच दिसते.

जेथे मराठी वाक्याची सवय इंग्रजीत उतरते, तेथे तक्ता एकटा पुरत नाही. मराठीत केला नाही असे म्हणताना भूतकाळ केला या रूपात दिसतो, त्यामुळे डिड नॉट पॅक्ड असे लिहिण्याकडे हात वळतो. इंग्रजीत डिडने भूतकाळ दाखवलेला असल्यामुळे पुढे मूळ पॅक हेच रूप हवे. काल कंटेनर भरला आहे हे मराठीत खटकत नाही, परंतु यस्टर्डे आला की इंग्रजीत हॅव लोडेड चालत नाही, तेथे साधा लोडेड लागतो. तसेच 2012 पासून निर्यात करत आहोत या वाक्यातील आहोत पाहून वी आर एक्सपोर्टिंग असे लिहिले जाते, पण सिन्स 2012 बरोबर वी हॅव बीन एक्सपोर्टिंग हेच योग्य. पुस्तकात यासाठी अवघे एक पान आहे. मराठी वाचकासाठी काढलेल्या पुस्तकात या भागाला सर्वांत जास्त जागा मिळायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी मोठी उणीव कर्मणी प्रयोगाची आहे. माल काढला गेला, थंड केला गेला, भरला गेला, अशाच वाक्यांवर आमची पत्रे उभी असतात आणि त्यांची रूपे तक्त्यात कोठेही नाहीत. नियमित क्रियापदाचे भूतकाळी रूप आणि कर्मणी प्रयोगात लागणारे रूप एकच असल्यामुळे हा भाग एका जादा रकान्यात सहज बसला असता. आम्ही तो रकाना हाताने जोडून घेतला.

कागद जाड आणि लॅमिनेशन पक्के आहे. पॅकहाऊसमधील ओलाव्यातही कडा सुटल्या नाहीत. साहाय्यक क्रियापदांची अक्षरे मात्र इतकी बारीक आहेत की दोन हातांवरून वाचता येत नाहीत. सेंड, कट, ग्रो अशा अनियमित क्रियापदांची यादी शेवटी दिली आहे आणि ती पुरेशी आहे. दहावीपुढचे विद्यार्थी आणि कार्यालयात पत्रव्यवहार करणारे यांनी हा संच अवश्य घ्यावा. लहान मुलांसाठी तो जड आहे. विकत घेताना उत्तरांची सुटी पुस्तिका पाकिटात आहे ना, एवढे दुकानातच पाहून घ्यावे.