नदी-पर्यटन करणाऱ्या गावांसाठी प्राणवायू तपासणी संच: घ्यावा का?

प्रदूषित नदीवर नौकाविहार किंवा पक्षीनिरीक्षण सुरू करायचं ठरलं, की पाट्या आणि बाकडी आधी येतात, पाण्याची तपासणी राहून जाते. आमच्या मते पहिली खरेदी या संचाचीच असावी. विंकलर पद्धतीने, थेंब मोजून पाण्यात विरघळलेला प्राणवायू कळतो. वीज लागत नाही आणि निकाल डोळ्यांना दिसतो.

बाटली नदीच्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, पाण्याखाली भरा, झाकणही पाण्याखालीच लावा. आत बुडबुडा राहिला तर आकडा फुगतो. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड घालून बाटली उलटी-सुलटी करा. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. नावाडी आणि मासेमारांना हा साका दाखवाच, छापील अहवालापेक्षा तो लवकर पटतो. पुढे आम्ल घातलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं. थायोसल्फेटचे थेंब टाकत जा आणि रंग फिका पडल्यावरच स्टार्च घाला. त्याने पाणी निळं होतं, तो निळा रंग जाईपर्यंत एकूण किती थेंब लागले त्यावरून प्राणवायूचा आकडा मिळतो. आधीच घातलं तर निळा रंग नीट जात नाही, थेंब जास्त पडतात.

लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर मासे बरे राहतात, २ च्या खाली बहुतेक मरतात. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू चढतो आणि पहाटे सगळ्यात कमी होतो. म्हणून दोन्ही वेळा मोजा. नुसता दुपारचा आकडा फलकावर लावणं ही फसवणूक आहे.

सोबत विकली जाणारी हायड्रोजन सल्फाइडची बाटली, म्हणजे विष्ठेतले जंतू असले की काळी पडणारी चाचणी, मात्र घेऊ नका. ती पिण्याच्या पाण्यासाठी असते. सांडपाण्याच्या नदीत ती काळी पडणारच, शिवाय जंतू किती हे ती सांगत नाही. लोक पाण्यात उतरणार असतील तर प्रयोगशाळेतून ई. कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जंतूची मोजणी करून घ्या. जड धातू आणि कारखान्याची रसायनं या संचाला कळत नाहीत.

खरी अडचण माणसांची आहे. तपासणी बाहेरच्या संस्थेने केली तर वही तिच्याकडेच राहते. ती नावाडी आणि बचत गटातल्या बायकांनीच करावी. आकडा घसरला किंवा जोराचा पाऊस झाला तर फेऱ्या थांबवण्याचा अधिकार त्यांनाच, हे ग्रामसभेत आधीच लेखी ठरवावं.

हातमोजे आणि चष्मा वापरा, मुदत संपलेली रसायनं टाळा. उरलेलं द्रावण नदीत ओतू नका, झाकणाच्या डब्यात साठवून प्रयोगशाळेकडे द्या.