नवे सील देण्याआधी जुने मागणारे वर्कशॉप

सोयाबीनमधून हेक्झेन या द्रावकाने तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटच्या मेंटेनन्सची जबाबदारी माझ्याकडे असल्याने सेंट्रिफ्यूगल पंपांच्या मेकॅनिकल सीलची गळती हा आमचा नित्याचाच विषय आहे. पंपाच्या शाफ्टभोवतीची गळती रोखणाऱ्या या सीलमध्ये एक फिरती आणि एक स्थिर रिंग एकमेकींना घासत असतात; त्यांच्या घासणाऱ्या पृष्ठभागांना ‘फेस’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याच मापाचे नवे सील बसवून बिल हातात ठेवतात. खामगावच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या वर्कशॉपविषयी हा अभिप्राय आहे, तेथे मात्र पहिला प्रश्न येतो, “जुनं सील आनलं का भाऊ?”

कच्च्या तेलाच्या पंपाचे सील वारंवार जात होते, तेव्हा तेथील मिस्त्रींनी स्थिर रिंग पुसून तिच्यावरचा घर्षणाचा पट्टा दाखवला. तो कार्बन फेसच्या रुंदीपेक्षा स्पष्टपणे रुंद होता, म्हणजेच शाफ्ट हेलकावे खात होता. प्लांटवर येऊन त्यांनी सूक्ष्म हालचाल मोजणारे डायल गेज लावून मोटरचे बोल्ट एकेक करून सैल केले, तेव्हा एका पायाखाली फट असल्याचे आढळले. तेथे शिम (पातळ पत्री) घालून मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचे अलाइनमेंट नव्याने केले आणि बेअरिंगही बदलले. शिवाय आधीच्या पुरवठादाराने ईपीडीएम या रबराची ओ-रिंग घातली होती. पाण्याला ती उत्तम, पण तेलात फुगते आणि स्लीव्हला अशी घट्ट बसते की स्प्रिंगला फेस पुढे ढकलताच येत नाही. तिच्या जागी तेलात टिकणाऱ्या व्हायटन रबराची ओ-रिंग घातली.

हेक्झेनच्या पंपाचे निदान मला अधिक मोलाचे वाटले. कार्बनच्या कडा तुटलेल्या होत्या आणि समोरच्या कठीण फेसवर केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या बारीक भेगा होत्या. फेस कोरडे पडून तापल्याची ही खूण. दोन फेसमधला द्रवाचा थर जेमतेम मायक्रॉनभर असतो, आणि हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळते. त्याचा बाष्पदाब २० अंशांना सुमारे १६ किलोपास्कल, तर ४० अंशांना सुमारे ३७ किलोपास्कल असतो, म्हणजे तापल्यावर त्याची वाफ होऊन हा थर सहज नाहीसा होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात तापलेली सक्शन लाइन (पंपाकडे द्रव आणणारा पाइप) आणि अर्धवट तुंबलेला स्ट्रेनर (गाळणी) असताना कोणतेही सील टिकले नसते. महागडे सील खपवण्याची संधी असूनही त्यांनी स्ट्रेनर व सीलकडे जाणारी फ्लशिंग लाइन साफ करण्याचा आणि सक्शन लाइन झाकण्याचा सल्ला दिला. हा प्रामाणिकपणा या धंद्यात दुर्मीळच म्हणायचा.

फेसचे लॅपिंगही (घासून सपाट करणे) नीट असते. ऑप्टिकल फ्लॅट या अगदी सपाट काचेखाली दोन-तीन प्रकाशपट्ट्यांच्या आत सपाटपणा आहे, हे ते ग्राहकाला स्वतः पाहू देतात. एक पट्टा म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉन.

उणिवाही आहेत. सिलिकॉन कार्बाइडचे फेस नेहमीच्या मापांखेरीज तयार नसतात, नागपूरहून मागवेपर्यंत थांबावे लागते. निदान तोंडी सांगितले जाते, लेखी अहवाल मिळत नाही. त्यामुळे प्लांटच्या नोंदवहीत काय लिहायचे ते आपणच लक्षात ठेवावे. प्लांटवर येण्याचे शुल्क वेगळे असून ते आधी विचारून घेतलेले बरे. खारपाणपट्ट्यातील क्षारांनी चिकटलेली कूलिंग वॉटर पंपांची सीलही ते हाताळतात. कार्ट्रिज सील (सगळे भाग आधीच जोडलेले सील) असल्यास ते मूळ कंपनीकडेच पाठवावे, असे ते स्वतःच सांगतात.