रेसिंग गेमचं गिअरवालं व्हील अन् पेडल सेट, ओव्हलचा अख्खा सीझन वापरून झाल्यावर

पेडल सेट "टेस्टेड ओके"चा स्टिकर लावून सर्व्हिस सेंटरमधून परत आला तेव्हाच हे लिहिणार होतो, पण मग त्यात नुसता संतापच उतरला असता म्हणून थांबलो. आता आयरेसिंगवर (कॉम्प्युटरवरचा ऑनलाइन रेसिंग गेम) शॉर्ट ट्रॅक ओव्हलचा, म्हणजे फक्त डावीकडे वळणाऱ्या छोट्या अंडाकृती ट्रॅकवरचा, पहिला सीझन पूर्ण झालाय, बारा आठवड्यांचा, आणि या काळात सेटबद्दलचं माझं मत दोनदा फिरलंय, त्यामुळे आता लिहिण्यात अर्थ आहे. कंपनीचं नाव घेणार नाही. तीस हजारांच्या आतबाहेरचा गिअरवाला सेट आहे (आतली मोटर दात्यांच्या चाकांतून व्हीलला जोर देते), ९०० डिग्री व्हील, तीन पेडल, बाकी स्पेक्स तुम्हाला पाठ असतीलच.

मी इंदूरचा, नोकरी पीथमपूरला. तिथे नॅट्रॅक्सचा, म्हणजे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या केंद्राचा, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ च्या जूनमध्ये प्रकाश जावडेकरांच्या हस्ते उद्घाटन झालं होतं तोच, आणि तोही ओव्हलच आहे. त्यामुळे ओव्हल म्हणजे पाय दाबून बसायचं, गाडी वळवायचं काम बँकिंग, म्हणजे वळणावरचा ट्रॅकचा तिरका उतार, करतं, असंच डोक्यात होतं. तिथे ते खरंही आहे, तो ट्रॅक ताशी २५० किलोमीटरच्या न्यूट्रल स्पीडसाठी बांधलाय, त्या वेगाला वळणात स्टिअरिंगला फारसं काम उरत नाही. शॉर्ट ट्रॅक मात्र याच्या बरोब्बर उलट. साउथ बॉस्टन घ्या, सबस्क्रिप्शनमध्येच मिळतो, ०.४ मैलांचा आहे म्हणजे साडेसहाशे मीटरसुद्धा नाही, नॅट्रॅक्सच्या एका फेरीत याच्या सतरा फेऱ्या बसतात. लेट मॉडेल (छोट्या ओव्हलवरची स्टॉक कार) घेऊन लॅप पंधरा-सोळा सेकंदांचा, आणि तेवढ्यात दोनदा थ्रॉटल सोडायचा, दोनदा ब्रेक, दोनदा हळूहळू परत थ्रॉटल द्यायचा. पन्नास लॅपची रेस म्हणजे शंभर वेळा ब्रेक, आणि तोही सगळा तासाभरात नाही, जेमतेम पंधरा मिनिटांत. एक क्षण पाय स्थिर नाही. हे आकडे मुद्दाम सांगतोय कारण पुढे जे ब्रेक पेडलचं पुराण लावणार आहे ते यावरच उभं आहे.

आधी व्हीलचं सांगून मोकळा होतो. सगळीकडे वाचाल की गिअरवालं व्हील घेऊ नका, मधोमध ढिलं लागतं, खडखड करतं, बेल्टवालं घ्या नाहीतर थेट डायरेक्ट ड्राइव्हच (सरळ मोटरवरच बसवलेलं व्हील) घ्या. रोड रेसिंगला, म्हणजे डावी-उजवी दोन्ही वळणं असलेल्या ट्रॅकला, ते बरोबर असेल. ओव्हलला गाडीचं सगळं सेटअपच डावीकडे ओढणारं असतं, उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा मोठ्या घेराचं, कास्टर म्हणजे पुढच्या चाकांच्या स्टिअरिंगच्या आसाचा कलही दोन्हीकडे वेगळा, त्यामुळे सरळ पट्ट्यावरसुद्धा व्हील किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागतं आणि वळणात तर ते डावीकडेच. म्हणजे गिअरचे दाते सारखे एका बाजूला टेकलेलेच असतात, मधल्या ढिल्या भागातून व्हील जातं ते ओझरतं, एवढ्या शिव्या खाणारी ती खडखड मला ऐकू येते ती फक्त पिटमधून बाहेर पडताना. पहिल्या महिन्यात मी डायरेक्ट ड्राइव्हसाठी पैसे बाजूला काढायला सुरुवात केली होती, ते थांबवलं. फक्त एक होतं, सारखा एकाच बाजूला जोर पडल्यामुळे टेबलाचा डावीकडचा क्लॅम्प सैल व्हायचा, सोबत आलेला प्लास्टिकचा क्लॅम्प त्या कामाचाच नाही, सियागंज बाजारातून लोखंडी सी-क्लॅम्प आणला तेव्हापासून तक्रार नाही. व्हील पास.

वेळेचं पण सांगतो कारण इथून ओव्हल खेळणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. ओव्हलची खरी गर्दी अमेरिकेतल्या संध्याकाळी असते. तिकडे पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा. माझ्यासाठी हे सोन्यासारखं झालं, घरात आईची पूजा सुरू व्हायच्या आधी एक रेस, चहानंतर एक, मग पीथमपूरची बस. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की तेच साडेसात होतं आणि मग नोकरदार माणसाची पंचाईत. सीझन सुरू करायचा असेल तर हे कॅलेंडर बघून करा.

आता ब्रेक. सीझनच्या मध्यापर्यंत छान चाललं होतं, रुकी म्हणजे नवशिक्याचं लायसन्स मागे पडलं होतं, टकरी टाळण्यावर मिळणारं सेफ्टी रेटिंग चढत होतं, आणि मग एक दिवस सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटलमध्ये असताना गाडीने स्वतःहून ब्रेक मारला. अगदी पापणी लवते तेवढा. शॉर्ट ट्रॅकला मागची गाडी बंपरला चिकटूनच असते, तो बिचारा येऊन आदळला, त्याच्या मागचे दोघं त्याच्यावर. आयरेसिंगमध्ये चूक कुणाची ते बघत नाहीत, आदळलेल्या दोघांनाही चार-चार इन्सिडंट पॉइंट. माझं रेटिंग गेलं त्याचं एवढं वाटलं नाही, पण तो मागचा माणूस हेडसेटवर शांतपणे विचारत होता की तू तिथे ब्रेक का केलास, आणि माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं. अर्धी रेस स्वच्छ चालवून आलेला माणूस माझ्या दीडशे रुपयांच्या पार्टमुळे भिंतीत गेला, हे मला फार लागलं.

कारण नंतर कळलं. या पेडलमध्ये ब्रेक किती दाबला ते मोजायला साधा पोटेन्शियोमीटर (पॉट) असतो, आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासणारा एक पत्रा. रोड रेसिंगवाला ब्रेक पूर्ण दाबतो, सोडतो, पट्टा सगळीकडे सारखा झिजतो. शॉर्ट ट्रॅकवाला पेडल तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच खेळवत राहतो, शंभर-शंभर वेळा त्याच दोन-तीन मिलिमीटरवर, आणि पाय नुसता टेकवून ठेवायची सवय असते ती वेगळीच. तेवढाच तुकडा खरवडला जातो, कार्बनची भुकटी तिथेच साचते, त्यात आपल्याकडची उन्हाळ्याची धूळ, आणि मग सिग्नल उड्या मारायला लागतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की आठवडाभर ठीक, मग पुन्हा तेच.

वॉरंटी होती म्हणून सर्व्हिस सेंटरला दिला. ते पेडल एकटं घेत नाहीत, व्हीलसकट पूर्ण सेट, मूळ खोक्यात. त्यांनी काय तपासलं, तर विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पेडल वरून खालपर्यंत एकदा सावकाश दाबलं, लाल पट्टी भरली, झालं, टेस्टेड ओके. मी म्हटलं की तिसऱ्या हिश्श्यावर धरून ठेवा आणि मग ग्राफ बघा, रॉ व्हॅल्यूचा व्हिडिओ मेलवर पाठवला, कुठल्या सेकंदाला उडी येते तेही लिहून दिलं. काउंटरवरच्या मुलाचं एकच, "सर, हमारे यहाँ तो ओके बता रहा है।" पुन्हा पाठवला तर उत्तर आलं की पार्ट सुटा येत नाही, हवं तर थोडी सूट देऊन नवा सेट घ्या. चालू व्हील, चालू थ्रॉटल, चालू क्लच, सगळं टाकून द्यायचं एका बटणाएवढ्या भागासाठी! मला याचाच राग आहे. वस्तू बिघडते, त्याचं काही नाही, पण जे दुरुस्त होतं ते दुरुस्त करायचंच नाही असं ठरवून बसायचं, आणि वर गिऱ्हाइकालाच भास होतोय असं वागायचं. दोन आठवड्यांच्या रेस त्यात गेल्या आणि सीझनचे पॉइंट काही कुणी परत देत नाही.

शेवटी इंदूरचा जेल रोड. तिथे एक मराठी काका बसतात जुने अँप्लिफायर दुरुस्त करत, त्यांनी पेडल उलटं केलं, चार स्क्रू काढले आणि म्हणाले, "अहो हा तर साधा दहा केचा पॉट आहे, लिनिअर घ्या, फक्त दांडीचा कट जुळतोय का ते बघून घ्या." दीडशे रुपये, मजुरी घ्यायलाच तयार नव्हते. घरी येऊन कॅलिब्रेट केलं, सिग्नल काचेसारखा स्वच्छ. मत क्रमांक एक इथे झालं होतं की सेट उत्तम, सर्व्हिस भिकार, पॉट बदलून वापरा. सोबत एक जास्तीचा पॉट आणून ठेवा, हे आजही सांगेन.

पण मग मत फिरलं. नवा पॉट बसल्यावर लक्षात आलं की लॅप टाइम एका झटक्यात सुधारले असं काही नाही, पहिले दहा लॅप छान, मग हळूहळू सेकंदाचा एक-दोन दशांश गळत जायचा. रिप्ले बघत बसलो तर ब्रेक दरवेळी थोडा वेगळा. थोडा जास्त वेग घेऊन वळणात शिरलं की सगळा भार उजव्या पुढच्या टायरवर, ते तापतं, मग गाडी वळायला मागत नाही, मग आपण आणखी स्टिअरिंग देतो, ते आणखी तापतं. रेसच्या शेवटी मागून येणारे हसतखेळत आतून निघून जातात. पॉटवालं पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं, आणि पायाला अंतर नीट लक्षात राहत नाही, जोर लक्षात राहतो. म्हणून लोडसेल, म्हणजे जोर मोजणारा सेन्सर.

तयार लोडसेल पेडल आयात करून घ्यायचे तर या सेटएवढेच पैसे. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करणारे गल्लोगल्ली आहेत, त्यांच्याकडून जुन्या काट्यातला शंभर किलोचा सेल घेतला, सेलचा सिग्नल वाचणारं एचएक्स७११ चं मोड्यूल, तो कॉम्प्युटरला देणारा आर्दुइनो लिओनार्डो बोर्ड, आणि कंपनीजवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पाच एमएमची प्लेट वाकवून घेतली. सगळं मिळून डायरेक्ट ड्राइव्हच्या नुसत्या कस्टम ड्यूटीतही बसणार नाही एवढ्यात. एक गोष्ट जपून करा, एचएक्स७११ ची मोड्यूलं बहुतेक सेकंदाला दहाच रीडिंग देतात, काट्याला ते चालतं, ब्रेकला नाही, गाडी तोवर भिंतीजवळ पोचलेली असते. चिपची पंधरा नंबरची पिन ग्राउंडवरून काढून सप्लायला जोडली की तीच चिप सेकंदाला ऐंशी रीडिंग देते. बारीक सोल्डरिंग आहे, जेल रोडच्या काकांकडूनच करून घेतलं.

फरक पहिल्या दिवशी कळला नाही. आठवडाभरात कळला. पन्नासाव्या लॅपचा ब्रेक पाचव्यासारखाच पडायला लागला, उजवं पुढचं टायर रेस संपेपर्यंत जिवंत राहायला लागलं, आणि सीझनच्या शेवटच्या आठवड्यांत मी पहिल्यांदा बघितलं की शेवटच्या पंधरा लॅपमध्ये मागे पडणारा मी नाही, समोरचे आहेत. तो आनंद सांगता येत नाही. ऑफिसला जाताना बसमध्ये मोबाइलवर तोच तोच रिप्ले बघत होतो. जोर जास्त लागतो त्यामुळे चाकांची खुर्ची मागे पळते, मी मागच्या पायांना भिंतीपर्यंत लाकडाची फळी लावलीय, तुम्ही सरळ साधी खुर्ची घ्या.

आणि हो, धाकटा भाऊ म्हणतो की भिया, शेवटी गेमच ना. अमेरिकेतल्या नॅसकार या ओव्हल रेसिंगमधला विल्यम बायरन घरच्या कॉम्प्युटरवर आयरेसिंग खेळूनच सुरू झाला होता, त्याने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोनदा तिथली सगळ्यात मोठी रेस डेटोना ५०० जिंकली. आपल्या नारायण कार्तिकेयनचं तर कुणाच्या लक्षातच नाही, फॉर्म्युला वनमधून उतरून २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक सीरिजमध्ये गेला आणि पहिलीच रेस मार्टिन्सविलला, ब्रेकची परीक्षा घेणाऱ्या ट्रॅकवर, ०.५२६ मैल, लांबुळके सरळ पट्टे आणि काँक्रीटची आखूड वळणं, बँकिंग फक्त बारा डिग्री. तेरावा आला. आयुष्यभर दोन्हीकडे वळणारी हलकी गाडी चालवलेल्या माणसाने तो जड ट्रक पहिल्याच दिवशी तिथे तेराव्या नंबरला आणला, हे किती मोठं आहे ते मला स्वतः शंभर-शंभर ब्रेक मारल्यावरच समजलं.

थ्रॉटलचा पॉट अजून मूळचाच आहे, ठीक चाललाय, पण वळणातून बाहेर पडताना उजवा पाय तेवढ्याच पट्ट्यात खेळतो त्यामुळे त्याचाही नंबर लागणार, पॉट आणून ठेवलाय. पुढच्या सीझनसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आयरेसिंगमधला मार्टिन्सविल ट्रॅक विकत घेतोय, व्हील हेच. इंदूर-देवास-उज्जैनकडचं कुणी हा लोडसेलचा उद्योग करणार असेल तर प्लेटचं ड्रॉइंग माझ्याकडे आहे, मागा, भोकांची मापं या सेटच्या पेडलला बरोब्बर बसतात.