लडाख की पिंडारी? दोघांचं बजेट बघून सांगतो

"दोघंच जाणार, हिमनदी बघायचीय, खर्च जमेल तेवढा कमी" असं वहिनींनी विचारलंय म्हणून लिहितोय, पॅकेजवाल्यांचे फोटो आधी बाजूला ठेवा. पिंडारी म्हणजे उत्तराखंडातल्या कुमाऊं भागातली हिमनदी, तिथे चालत जायचं असतं.

खरा फरक गाडीत पडतो. लेहमध्ये टॅक्सी युनियनचे रेट ठरलेले, चौघांत वाटले तर ठीक, दोघांनीच भरायचे म्हटलं की खिसा रिकामा, मग शेअर टॅक्सी शोधत बसा. द्रांग-द्रुंग हिमनदी बघायची तर कारगिलवरून झंस्करच्या रस्त्याने 'पेन्सी ला' ही खिंड गाठायची, तो खर्च वेगळाच. पण ती रस्त्यावरूनच दिसते, चालायची भानगड नाही, हे मात्र भारी.

पिंडारीला दिल्लीहून रात्रीच्या ट्रेनने काठगोदाम, पुढे शेअर जीपने बागेश्वर, मग खरकियापासून पायी खाती, द्वाली, फुरकिया आणि शेवटी झीरो पॉइंट, जिथून हिमनदी दिसते. मुक्कामाला कुमाऊं मंडल विकास निगमची (सरकारी पर्यटन संस्था) साधी रेस्ट हाउस, रात्री चुलीजवळ बसून गरम डाळ-भात. खातीच्या पुढे पैसे उडवायला दुकानच नाही :)

तब्येतीचं म्हणाल तर लेह ३५०० मीटरवर, विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस गप पडून राहायचं, म्हणजे ते हॉटेलभाडंही धरा. पिंडारीत उंची हळूहळू वाढते पण गुडघे बोलतात.

सिंहगड आरामात चढत असाल तर मे किंवा ऑक्टोबरात पिंडारीच. रजा जुलै-ऑगस्टमध्येच मिळत असेल तर लडाख, कारण कुमाऊंत तेव्हा दरडी कोसळतात. फक्त पुण्यातूनच अजून एक जोडपं पटवून न्या, टॅक्सीचे पैसे निम्मे होतील.