फ्रिजला कुलूप लावायचंय? किल्लीचं की नंबरचं?

घरात स्मृतिभ्रंश झालेलं माणूस असेल आणि त्यालाच मधुमेह असेल, तर फ्रिजला कुलूप लावायचा विषय कधी ना कधी निघतोच. लावावं की नाही, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलून ठरवायचं. पण लावायचं ठरलं की पुढचा प्रश्न अगदी साधा असतो: कुठलं? त्याबद्दल मात्र कुणी धड सांगत नाही. दुकानदार 'चाइल्ड लॉक' म्हणून हाताशी येईल ते पुढे करतो. आम्ही या सगळ्यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची परिस्थिती आधी सांगतो, कारण तुमची वेगळी असेल तर निष्कर्षही वेगळा निघेल. डोंबिवलीतला फ्लॅट. आई, बाबा, आम्ही दोघं, मुलगा आणि दिवसभर बाबांजवळ असणाऱ्या मावशी. बाबांना अल्झायमर आहे आणि ते इन्सुलिनवर आहेत. जेवल्याचं लक्षात राहत नाही, त्यामुळे त्यांना लागणारी भूक त्यांच्यापुरती खरीच असते. रात्री उठून ते फ्रिज उघडायचे आणि हाताला येईल ते खायचे. मळून ठेवलेली कणीक, इडलीचं पीठ, कधी आलं-लसणाची पेस्टसुद्धा. बर्फीचा डबा दिसला तर सकाळच्या साखरेचा आकडा पाहून पोटात गोळा यायचा. शिवाय दार उघडं राहायचं, दूध नासायचं आणि इन्सुलिनची पेनं भाजीच्या कप्प्यात सापडायची.

पहिला पर्याय फ्रिजच्या स्वतःच्या कुलपाचा. तुमच्या फ्रिजला ते असेल तर वेगळा खर्च नाही, दाराला काही चिकटवावं लागत नाही, बाहेरून काही दिसत नाही. पाहुण्यांना कळतही नाही की या घरात फ्रिज बंद असतो, आणि ही गोष्ट आईला फार महत्त्वाची वाटायची. दार पूर्ण मिटतं, रबर नीट बसतं. मजबुतीत त्याला तोड नाही. बऱ्याच फ्रिजमध्ये किल्ली दाबून फिरवावी लागते आणि सोडली की स्प्रिंगने बाहेर येते, म्हणजे ती भोकात विसरून राहण्याचीही भीती नाही.

अडचण आहे ती किल्लीचीच, आणि आमचा निर्णय तिनेच केला. म्हणून जरा थांबून सांगतो.

सहा माणसांच्या घरात फ्रिज किती वेळा उघडतो ते एकदा नुसतं मनात मोजून बघा. चहाचं दूध, विरजण, कोथिंबीर, मुलाला हवं ते थंड पाणी. प्रत्येक वेळी कुणीतरी कुणालातरी विचारणार, "किल्ली कुठंय?" ओट्याजवळच्या हुकावर ठेवली तर ती बाबांनाही दिसते. आईने कमरेला खोचली तर आई देवळात गेली की फ्रिज बंद. बायकोच्या पर्समध्ये राहिली तर ती लोकलने थेट ठाण्याला पोचलेली. जास्तीच्या किल्ल्या करून घेतल्या, तर तितक्या किल्ल्या घरभर पसरल्या आणि त्यातली एखादी बाबांच्या उशीखाली मिळाली.

इथवर नुसती गैरसोय होती, ती आम्ही सोसली असती. पण बाबांनी आयुष्यभर घराच्या किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवल्या. गोदरेजच्या कपाटाची, बाहेरच्या दाराची, मीटरच्या पेटीची. रात्री झोपण्याआधी सगळी कुलपं ओढून बघायची त्यांची पद्धत. आजारात बरंच काही पुसलं गेलं, पण 'किल्ली' ऐकलं की ते अजूनही खुर्चीतून उठतात. खिसे चाचपतात, कपाटाशी जातात, "माझ्या किल्ल्या कुणी घेतल्या?" म्हणून विचारत राहतात. दिवसभर थोपवता येतं, पण संध्याकाळी अशा आजारात अस्वस्थता बऱ्याचदा वाढते, आणि नेमकी तीच वेळ स्वयंपाकाची, म्हणजे फ्रिज सारखा उघडायची. स्वयंपाकघरातून एकाने किल्ली मागायची आणि हॉलमध्ये बाबांचा तासभर जीव खालीवर व्हायचा. आम्ही 'किल्ली' ऐवजी 'ती वस्तू' म्हणून पाहिलं. पण तिचा खुळखुळाट ऐकूनही ते उठायचे.

कुलूप बाबांच्या रक्षणासाठी लावलं आणि त्यांना दिवसातून कितीतरी वेळा आपलं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटू लागलं. मला हे सहन होईना. तुमच्या घरात कदाचित असं होणार नाही. पण घरातल्या रुग्णाचा किल्ल्यांशी जुना संबंध असेल तर हे आधीच ध्यानात घ्या.

दुसरा पर्याय चिकटवायच्या पट्टीच्या लॉकचा, दोन बटणं एकदम दाबली की उघडणाऱ्या. रांगणाऱ्या, नुकत्या चालू लागलेल्या मुलासाठी ते उत्तम. मोठ्या माणसाच्या ताकदीपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. बाबांना बटणांचं कोडं उलगडलं नाही, पण त्यांनी दार ओढलं आणि पट्टी टेपसकट हातात आली.

कुणी सुचवेल की सुताराला बोलावून कडी-कोयंडाच ठोकून घ्या. आमच्या सुताराचं ड्रिल तयारच होतं. कृपा करून हे करू नका. आजकालच्या बऱ्याच फ्रिजमध्ये गरम वायूच्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या लगेच आत फिरवलेल्या असतात; हात लावला की बाजू कोमट लागते ती त्यामुळेच. मागच्या लेबलवर आर-६००ए लिहिलेलं असेल तर आतला वायू आयसोब्युटेन आहे, म्हणजे पेट घेणारा. एक स्क्रू चुकीच्या जागी गेला तर फ्रिज तर गेलाच, वर आगीचा धोका. जे काही लावायचं ते चिकटवूनच.

तिसरा पर्याय नंबरच्या कुलपाचा. दोन चकत्या, एक दारावर आणि एक बाजूच्या पत्र्यावर, मध्ये आखूड तार आणि एका टोकाला तीन आकड्यांच्या चकऱ्या. सेल नाही, चार्जिंग नाही. आम्ही शेवटी हेच लावलं आणि आता तेच आहे.

याच्यात दोष नाहीत असं अजिबात नाही. दिसायला ते दिसतंच. आईला पहिले काही दिवस कुणी घरी आलं की संकोच वाटायचा. दार लावल्यावर आकडे फिरवून टाकावे लागतात, नाहीतर कुलूप असून नसल्यासारखं. घाईत हे राहून जातं, आणि मुलाला अजूनही आठवण करावी लागते. तार सैल राहिली तर दार बोटभर उघडतं, तेवढ्यात रबर सुटतं आणि आत बर्फ धरतो. म्हणून चिकटवताना दार बंद करून, तार ताणून मगच दुसऱ्या चकतीची जागा ठरवायची. डबल डोअर फ्रिजला एक कुलूप एकाच दाराला पुरतं. आम्ही खालच्या दाराला लावलंय. वर बर्फ आणि मटारच असतात, तिकडे बाबा वळत नाहीत.

आकडे बारीक असतात ही खरी तक्रार. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, रात्री मंद दिव्यात तिला काही दिसत नसे. तिने स्वतःच युक्ती काढली. प्रत्येक चकरी आधी शून्यावर असते अशीच सोडायची आणि मग अंगठ्याने एकेक खटका मोजत पुढे न्यायची. पहिली चार खटके, दुसरी एक, तिसरी सात. आता ती भाजीची फोडणी एका हाताने हलवत दुसऱ्या हाताने, तिकडे न बघता फ्रिज उघडते. (आकडे अर्थातच बदलून लिहिलेत.)

नंबर निवडताना मात्र डोकं लावा. अल्झायमरमध्ये कालची गोष्ट आधी जाते, जुनी खूप उशिरापर्यंत टिकते. जन्मसाल, जुन्या स्कूटरचा नंबर, गावच्या घराचा क्रमांक, लँडलाइन, यातलं काहीही घेऊ नका. बाबांना त्यांच्या स्कूटरचा नंबर आजही झोपेतून उठवून विचारला तर सांगतात. आम्ही आजार सुरू झाल्यानंतरचा एक आकडा घेतला, जो बाबांच्या आठवणीत बसलेलाच नाही. तो मावशींना माहीत आहे आणि समोरच्या काकूंनाही, कारण अडीअडचणीला बाहेरचं कुणीतरी माहितगार लागतंच.

टेपबद्दल दोन शब्द, कारण ही कुलपं निकामी होतात ती बहुतेक टेपमुळे. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर तेलकट वाफेचा थर असतो, डोळ्यांना दिसत नाही. आधी साबणाच्या पाण्याने आणि मग सर्जिकल स्पिरिटने पुसून, पूर्ण सुकू द्या. चकती जोर देऊन दाबा आणि कुलूप लगेच वापरू नका. चांगल्या प्रतीची डबल टेप पूर्ण पकड घ्यायला ७२ तास मागते. त्या तीन दिवसांत दार ओढलं गेलं तर ती पुढे कधीच नीट धरत नाही. दारावर खडबडीत नक्षी असेल तर टेपला बसायला जागाच मिळत नाही. काचेचं किंवा गुळगुळीत दार असेल तर निश्चिंत राहा. काढायचं झालं तर हेअर ड्रायरने गरम करा आणि मागून जाड दोरा करवतीसारखा ओढत न्या, रंग निघत नाही.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक. पूर्वीच्या फ्रिजना बाहेरून खटका असायचा आणि लपाछपीत आत शिरलेली मुलं गुदमरून जायची. म्हणून अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला की दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे. आज आपल्याकडेही दार चुंबकाच्या रबरावरच मिटतं. बाहेरून लावलेलं कुठलंही कुलूप ही सोय काढून घेतं. भरलेल्या, चालू फ्रिजमध्ये फळ्या असतात, तिथे मूल शिरत नाही. पण फ्रिज रिकामा करून गॅलरीत ठेवाल किंवा भंगारात द्याल तेव्हा कुलूप आधी काढा, आणि जमलं तर दारही.

इन्सुलिनसाठी फ्रिजच्या आत छोटा बंद होणारा डबा ठेवायचा पर्याय काही जण सांगतात. तो कुलपाऐवजी नाही, पण सोबत असावा. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत राहायला हवीत, म्हणून डबा मधल्या फळीवर पुढच्या बाजूला ठेवा. मागच्या भिंतीला टेकला तर इन्सुलिन गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

मग किल्लीचं कुलूप कुणी लावावं? घरात काळजी घेणारं एकच माणूस असेल, किल्ली कायम त्याच्याच गळ्यात राहणार असेल आणि रुग्णाला किल्लीचं काही सोयरसुतक नसेल, तर फ्रिजच्या अंगचं कुलूप सोडून पैसे घालवायची गरज वाटत नाही. हात थरथरत असतील, चकऱ्या फिरवणं जमत नसेल तरीही किल्लीच बरी. मात्र घरात चार माणसं उघडणारी असतील तर मी नंबरचंच घ्या म्हणेन. आमच्याकडे आता फ्रिजबद्दल कुणी कुणाला काही विचारत नाही. संध्याकाळी बाबा हॉलमध्ये बसलेले असतात आणि आत स्वयंपाक चाललेला असतो, इतकंच.

दोन्हीपैकी काहीही लावलंत तरी बाहेर खायला काहीतरी उघडं ठेवाच. बाबांसाठी टेबलावर फुटाणे, पेरूच्या फोडी आणि झाकणाच्या भांड्यात ताक असतं. रात्री ते उठतात, तिथेच बसून खातात आणि बहुतेक वेळा फ्रिजकडे वळतही नाहीत. आणि साखरेचा डबा कुलपाच्या आड कधीही ठेवू नका. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची असते, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची असते. आमचा साखरेचा डबा ओट्याच्या वरच्या फळीवर, मावशींच्या हाताला येईल असा ठेवलाय, आणि शेजारी ग्लुकोजची पुडी.