५४९ रुपयांची ‘ओरिजिनल’ डिस्क प्लेट

धुळे, शहादा, जळगाव या बाजूला एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, चालवणारी माणसं मोजकीच आहेत आणि पार्ट लागला की बहुतेक सगळे ऑनलाइनच बघतात. दुकानात विचारलं तर ‘नाशिकहून मागवावी लागेल, आठवडा लागेल’ हे ठरलेलं उत्तर. नकली माल विकणाऱ्यांना हीच गोष्ट नेमकी माहीत असते. एका मोठ्या शॉपिंग साइटवरच्या विक्रेत्याने मला नामांकित कंपनीच्या नावाखाली बनावट रोटर, म्हणजे चाकासोबत फिरणारी आणि ब्रेक दाबला की पॅडच्या चिमट्यात येणारी डिस्क प्लेट, कसा चिकटवला, ते सविस्तर लिहितोय. ब्रेकचा मामला आहे, नुसते पैसे गेले असते तर एवढं लिहिलं नसतं.

माझ्या सायकलची पुढची डिस्क प्लेट झिजत आली होती. बहुतेक एमटीबीची प्लेट नवीन असताना १.८ मिलिमीटर जाड असते. शिमानो या सायकलचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या प्लेटवर किमान जाडी १.५ कोरलेली असते, म्हणजे तिच्या आयुष्यात झिजायला मिळतं ते फक्त ०.३ मिलिमीटर. नखाला कडेची खाच लागते, पण खरं माप व्हर्नियरशिवाय (जाडी मोजायच्या साधनाशिवाय) कळत नाही. दुकानदाराने १,१५० सांगितले. साइटवर तीच प्लेट, तेच मॉडेल, १६० मिमी व्यासाची, सहा बोल्टची, ५४९ रुपयांत होती. चार तारे, शेकडो अभिप्राय. नंतर निवांत वाचले तेव्हा कळलं की त्यातले बरेच अभिप्राय मडगार्डचे होते. जुन्या वस्तूचं पान तसंच ठेवून त्यावर नवीन वस्तू टाकायची, तारे आपोआप मिळतात.

पॅकेट आलं ते दिसायला चोख होतं. निळा पुठ्ठा, लोगो, आत सहा बोल्ट. पण पुठ्ठ्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नव्हता, कमाल किरकोळ किंमत नव्हती, महिना-वर्ष नव्हतं, कोणत्या देशात बनलं तेही नव्हतं. आपल्याकडे बाहेरून आणलेली पॅकबंद वस्तू विकायची तर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. लोगोची नक्कल कुणीही छापून देतो. खरा पत्ता मात्र छापला की माणूस सापडतो, म्हणून बनावटवाले नेमकं तेच गाळतात. पॅकेट हातात आल्यावर आधी मागची बाजू वाचा.

प्लेट बसवल्यावर पहिल्या दिवसापासून लिव्हर दाबला की बोटाला धक्के जाणवायचे, टक्-टक्-टक्, चाक फिरेल तसे. नवीन प्लेट-पॅड एकमेकांना सरावायला वेळ लागतो हे खरं. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घ्यायचा, चाक लॉक न करता हळूहळू ब्रेक दाबायचा, असं वीसेक वेळा केलं की पकड सुधारते. इथे तेही केलं. पकड आली, धक्के गेले नाहीत.

मग सातपुड्यातल्या तोरणमाळला गेलो. वर चढताना काही प्रश्न नाही, ब्रेक लागतोच कुठे. वर यशवंत तलावावर चहा झाला आणि उतरायला लागलो. तो घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना वळणं सांगायला नकोत. सायकल आणि माणूस मिळून ९० किलो धरा. एवढं वजन १०० मीटर खाली उतरवलं की जवळपास ८८ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. पाव लिटर थंड पाणी उकळायला लागेल तेवढी ही उष्णता आहे. वारा त्यातली काही घेतो, पण वळणावळणाच्या तीव्र उतारावर बराचसा वाटा त्या दोन पातळ पत्र्यांवर येतो. निम्म्या घाटात पुढच्या ब्रेकचा चीत्कार सुरू झाला, मग लिव्हर आत जायला लागला आणि एका वळणावर प्लेट कॅलिपरला (पॅड धरणाऱ्या चिमट्याला) घासून चाकच जड फिरायला लागलं. थांबून पाहिलं तर प्लेटच्या कडेला तपकिरी-निळी झाक होती आणि ती डोळ्याने दिसेल इतकी वाकली होती. सोबतचा मित्र हात लावायला गेला, त्याला ओढला. गरम प्लेट कातडी काढते. पाणीही ओतू नका, तापलेला पत्रा आणखी वाकतो. घाटाखालच्या राणीपूरपर्यंत मागच्या ब्रेकवर, जिथे उतार जास्त तिथे सायकल हातात धरून चालत आलो.

धुळ्यात अवधान एमआयडीसीत ओळखीचे एक लेथवाले आप्पा आहेत. त्यांच्याकडे जुनी आणि नवीन दोन्ही प्लेट नेल्या. आप्पांनी मायक्रोमीटरने नवीन प्लेट फिरवून फिरवून मोजली. एका जागी १.७८, पाव फेरा पुढे १.६४, त्याच्या पुढे १.७१. तापून वाकणं वेगळं आणि जाडी कमी-जास्त असणं वेगळं, आणि एवढ्याशा वापरात प्लेट अशी असमान झिजत नाही. ती कारखान्यातूनच तशी निघाली होती. बोटाला बसणारे धक्के म्हणजे जाड भाग पॅडमधून जाताना पिस्टन मागे ढकलला जात होता. मग त्यांनी दोन्ही प्लेटच्या बोल्टकडच्या भागावर कानस चालवून पाहिली. जुन्यावर कानस घसरत होती, नव्यावर लगेच कीस पडला. बोल्टच्या भोकांना मागच्या बाजूने करवतीसारखी धार राहिली होती, ती साफसुद्धा केलेली नव्हती. आप्पा म्हणाले, “हाऊ माल खरा नही शे, भाऊ.” चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

चुंबकाची परीक्षा बरेच जण सांगतात. चांगल्या प्लेट ज्या कडक होणाऱ्या स्टेनलेस पोलादाच्या असतात, त्याला चुंबक चिकटतो हे बरोबर. पण माझ्या बनावट प्लेटलाही तो चिकटला. न चिकटला तर माल नक्की परत करा, चिकटला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यापेक्षा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचा फोटो मोठा करून कोरलेली अक्षरं ताडून पाहा. मी घेतलेल्या मॉडेलच्या खऱ्या प्लेटवर ‘फक्त रेझिन पॅड’ (म्हणजे राळेचे मऊ पॅड) अशी सूचना कोरलेली असते. माझ्यावर ती नव्हती, उलट साइटच्या पानावर ‘सर्व पॅडना चालते’ असं छातीठोक लिहिलं होतं. बोल्टही बघा. माझ्यातल्या दोन बोल्टची डोकी काढतानाच गोल झाली, टी-२५ (ताऱ्याच्या टोकाचा) पाना नुसता फिरत राहिला. आप्पांनी ड्रिलने काढले.

स्वस्त प्लेट वाईट असते असं माझं म्हणणं नाही. चांगल्या कंपन्यांच्याच खालच्या श्रेणीतल्या प्लेट कमी कडक पोलादाच्या असतात आणि रेझिन पॅड लावले तर आपल्याकडच्या वापराला पुरतात. त्यांना मेटल पॅड (धातूमिश्रित कडक पॅड) लावले की मऊ प्लेट भराभर खाल्ली जाते, एवढं सांभाळायचं. स्वतःच्या नावाने विकणाऱ्या साध्या ब्रँडची प्लेटही चालेल, कारण तिथे निदान कुणीतरी नाव लावलंय. दुसऱ्याचं नाव लावून अर्ध्या किमतीत विकणारा पोलादावरच पैसे वाचवतो. घेताना आपल्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) सहा बोल्टची लागते की एका रिंगने बसणारी सेंटरलॉक, आणि जुन्या प्लेटचा व्यास किती, हे बघून घ्या. १६० च्या जागी १८० लावायची तर कॅलिपरला अडॅप्टर लागतो आणि फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या भागाला) ते माप चालतं का हे आधी तपासावं लागतं. ‘मोठी घ्या साहेब, जास्त ब्रेक लागतो’ एवढ्यावर जाऊ नका.

आता पैशांचं. विक्रेत्याने पहिलं उत्तर दिलं, “वापरलेला माल परत घेत नाही.” २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा बनावट माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. हे लिहून पाठवल्यावर त्याचा सूर बदलला आणि एका खासगी नंबरवरून फोन आला. “रिफंड देतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका.” पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. म्हणजे एका गिऱ्हाइकाला दोनदा कापायचा बेत. तिथे कुणी फसलाच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकत जाते.

मी फोन ठेवला आणि साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार केली. मायक्रोमीटरवरचे आकडे दिसतील असे फोटो, पॅकेटच्या कोऱ्या मागच्या बाजूचा फोटो, बिल, सगळं जोडलं. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असा नियम आहे. पोच आली, पुढे काही हलेना. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिचा क्रमांक साइटला कळवला आणि हालचाल झाली. ५४९ परत आले. जळालेल्या पॅडचे गेले ते गेले. हेल्पलाइनने भागलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो.

त्या विक्रेत्याचं पान साइटने काढलं. परवा दुसऱ्याच नावाच्या दुकानात तीच प्लेट ४९९ ला दिसली. फोटोही तोच, कोपऱ्यात प्लेट धरलेल्या अंगठ्याचं काळं पडलेलं नखसुद्धा तेच. त्याचीही तक्रार टाकली आहे. तुम्हाला दिसली तर तुम्हीही टाका, आणि पॅकेट उघडताना व्हिडिओ काढून ठेवा.