पडणं आणि धडकणं: नुकसानीसाठी डीअँडडी की गर्प्स?

टेबलावर खेळायच्या रोल-प्लेइंग खेळाची नवी मोहीम (सलग चालणारी गोष्ट) सुरू करताय आणि तुमच्या टेबलावर कोणी ना कोणी कड्यावरून पडणार किंवा गाडीसमोर येणार हे नक्की असेल, तर नियम आधीच ठरवलेला बरा.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डीअँडडी) पाचव्या आवृत्तीत पडण्याचा हिशेब एका ओळीत संपतो: दर १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा, कमाल २०; फाशांची बेरीज म्हणजे नुकसान. गर्प्स या तशाच दुसऱ्या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत एचपी (हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद) गुणिले वेग (यार्ड प्रतिसेकंद), भागिले १००; येईल तितके फासे. जमीन टणक असेल तर दुप्पट.

१० एचपीचा माणूस १० यार्डांवरून, म्हणजे ३० फुटांवरून खडकावर पडला. वेग साधारण १५, म्हणून गर्प्समध्ये ३ फासे. डीअँडडीतही ३च! आता उंची चौपट करा. डीअँडडीत १२, गर्प्समध्ये ६. उंची चौपट झाली की ऊर्जा चौपट होते, वेग मात्र दुप्पटच. एकाने ऊर्जा धरली, दुसऱ्याने वेग. पण नुसत्या फाशांवर जाऊ नका. ६ फाशांची सरासरी २१, म्हणजे गर्प्सचा माणूस उणे ११ वर, मरणाच्या दारात. १२ फाशांची सरासरी ४२, आणि शंभरेक हिट पॉइंटांचा फायटर (योद्धा पात्र) कपडे झटकून उठतो.

२० फाशांच्या मर्यादेला हवेचा रोध हे कारण देऊ नका. २०० फुटांवरून पडताना वेग सेकंदाला ३५ मीटरच्या आसपास असतो. माणसाचा अंतिम वेग पन्नासच्या पुढे. ती मर्यादा खेळाडूंवरची मेहेरबानी आहे.

गाड्यांचा पाठलाग असेल तर गर्प्सच. डीअँडडीच्या मूळ पुस्तकांत गाड्यांच्या टकरीचं सूत्र नाही, खेळ चालवणाऱ्या जीएमला अंदाजाने फासे ठरवावे लागतात. गर्प्समध्ये समोरासमोर आलेल्या गाड्यांचे वेग बेरजेत धरतात, आणि टणक भिंतीवर आदळलं तर एचपी दुप्पट. म्हणजे दोन सारख्या गाड्या ५०-५० ने भिडल्या काय, एक ५० ने भिंतीत घुसली काय, फासे तेवढेच. भौतिकशास्त्रही हेच सांगतं, ‘५०-५० ची टक्कर म्हणजे १०० ने भिंतीत’ म्हणणारा खेळाडू कितीही वाद घालो.

ट्रकने माणसाला उडवलं की मात्र गर्प्स घसरतं. वाहनाचा एचपी वजनाच्या घनमुळावर चालतो, त्यामुळे दसपट जड ट्रक दुपटीहून जास्त फासे टाकतो. प्रत्यक्षात ट्रक हलका असो वा जड, माणसाला जवळपास ट्रकचाच वेग मिळतो. एक टन आणि दहा टनांत त्याच्या दृष्टीने फरक नाही. तेवढ्यापुरती धडक देणाऱ्याच्या एचपीला मर्यादा घाला.

वजन गुणिले वेगाचा वर्ग असा घरगुती नियम करायचा मोह होईल, तो आवरा. वेग दुप्पट झाला की फासे चौपट, आणि तिसऱ्या टकरीला कॅल्क्युलेटर कुणाकडे आहे यावरून खेळ अडतो.